भुताने हसवायला जाऊ नये

श्रोतेहो, नमस्कार.

बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या आमच्या वाड्याची ओटी मला अजून जशीच्या तशी दिसते. श्रावणात दिवेलागणी झाली की आजी मोड आलेल्या वालांचं पातेलं ओटीवर आणून ठेवायची आणि आम्हा पाच-सहा पोरांना सोलायला बसवायची. डाळिंब्या सोलणं हे मुलांच्या दृष्टीने महाकंटाळवाणं काम. कोणी उठून पळू नये म्हणून आजी भुताची गोष्ट काढायची, आणि भूत ठरलेलं असायचं: आमच्या परसातल्या पिंपळावरचा मुंजा. आठ वर्षांचा मुलगा. मुंज झालेली, सोडमुंज व्हायची राहिलेली, आणि त्याआधीच विहिरीत पडून गेलेला. आजीचा मुंजा कोणाची मान धरत नसे की कोणाला झपाटत नसे. तो फक्त अंधार पडल्यावर दाराशी येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "जेवणं झाली का?"

वाल सोलताना तो चिमटीत धरून दाबला की डाळिंबी सालातून सुळकन बाहेर येते. जोर जास्त झाला तर कुठच्या कुठे उडते. त्या संध्याकाळी दिवे गेलेले होते. आजी म्हणाली, "आणि दारातून आवाज आला..." आणि थांबली. त्याच क्षणी माझ्या हातातली ओली, गार डाळिंबी उडाली आणि आतेभावाच्या मानेवर बसली. तो असा किंचाळला की पातेलं कलंडलं. आम्हीही सगळे किंचाळलो आणि मग हसत सुटलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

आजी मात्र हसली नाही. ती अंधारात चाचपून सांडलेल्या डाळिंब्या गोळा करत राहिली. आमचं हसणं ओसरल्यावर शांतपणे म्हणाली, "हसा, हसा. पण त्याला उत्तर कोणीच दिलं नाही."

पुन्हा सगळी ओटी चिडीचूप.

बडोद्याच्या हौशी मराठी रंगभूमीवर मी बरीच वर्षं काम करते आहे, आणि सिनेमा हे माझं जुनं वेड आहे. भीती आणि हसू एकत्र आणणारे चित्रपट मी जेव्हा जेव्हा पाहते, तेव्हा मला ती संध्याकाळ आठवते. या प्रकारातलं सगळं कसब आजीच्या त्या न हसण्यात आहे, असं मला मनापासून वाटतं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

अशा चित्रपटांना सध्या बरे दिवस आले आहेत. 2018 साली 'स्त्री' आला, 2024 मध्ये त्याचा दुसरा भाग आणि त्याच वर्षी आपल्या मराठी आदित्य सरपोतदारांनी दिग्दर्शित केलेला हिंदी 'मुंज्या'. कोकणातला मुंजा देशभरच्या पडद्यांवर गेला. ज्या पोराची गोष्ट मी ओटीवर ऐकली, त्याचं नाव परप्रांतातल्या मुलांच्या तोंडी ऐकताना मला फार आनंद झाला होता. पण हे दोन रस एकत्र आणणं ही अलीकडची कल्पना आहे असं कोणी समजू नये. त्यावरचा वाद आपल्याकडे हजार वर्षांहून जुना आहे. आणि त्या वादाचं मूळ ज्या ग्रंथात आहे, त्याचं आपल्या बडोद्याशी जवळचं नातं आहे.

भरतमुनींचं नाट्यशास्त्र आणि त्यावरचं काश्मीरच्या अभिनवगुप्तांचं भाष्य, ही जोडी छापून जगासमोर आणली ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने. ग्रंथमालेचा छत्तिसावा क्रमांक, पहिला खंड 1926 सालचा. संपादक रामकृष्ण कवी. हस्तलिखितं इतकी भ्रष्ट होती की, खुद्द अभिनवगुप्त स्वर्गातून उतरून आले तरी त्यांना आपला मूळ पाठ सहज सापडणार नाही, असं रामकृष्ण कवींच्या एका विद्वान मित्राने म्हटलं होतं, आणि ते उद्गार कवींनी प्रस्तावनेत नोंदवून ठेवले आहेत. तरीही त्या माणसाने ते काम तडीस नेण्याचा ध्यास सोडला नाही. आज देशात कुठेही रसाबद्दल बोललं जातं, तेव्हा बडोद्याच्या या प्रतीचं ऋण त्यात असतं. आपल्या गावाचा मला याबद्दल फार अभिमान वाटतो.

तर या शास्त्रात हास्य आणि भयानक यांचं नातं काय सांगितलं आहे? चौदाव्या शतकातल्या विश्वनाथांनी 'साहित्यदर्पणा'त स्पष्टच लिहून ठेवलं आहे की हास्याचं भयानकाशी वैर आहे, आणि करुणाशीही. एकाला आणलं की दुसरा निघून जाणार. हे पटण्यासारखं आहे. खरोखर घाबरलेल्या माणसाला विनोद सुचत नाही, आणि पोट धरून हसणाऱ्याला भूत दिसत नाही.

पण भरतमुनींनी प्रत्येक रसाची एक देवता सांगितली आहे. शृंगाराची विष्णू, करुणाची यम, भयानकाची काल. आणि हास्याची? हास्याची देवता प्रमथ. प्रमथ म्हणजे शंकराचे गण, स्मशानात त्याच्याभोवती नाचणारी ती सगळी भुतावळ! ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले होते. हसू कोणाच्या ताब्यात दिलं आहे, तर भुतांच्या.

हसण्याचे सहा प्रकारही तिथे सांगितले आहेत. स्मितापासून सुरुवात होते, अतिहसितापर्यंत. त्यांतला पाचवा प्रकार म्हणजे अपहसित: नको त्या जागी येणारं हसू, डोळ्यांत पाणी, खांदे आणि डोकं थरथरतंय. आमच्या ओटीवरचं हसू हेच होतं. भयानक रसाची लक्षणं काढून पाहिली तर तिथेही थरथर आहेच. शरीराला त्या क्षणी दोन्हींतला फरक कळत नाही. श्वास अडकलेला असतो, छाती धडधडत असते, हातपाय पळायच्या तयारीत असतात. मग लक्षात येतं की मानेवर पडली ती डाळिंबी होती. जमवून ठेवलेली ती सगळी ताकद कुठून तरी बाहेर पडायला हवी, ती हसण्यातून पडते.

वैर असलेल्या रसांना एकत्र नांदवायचं कसं, याचा मार्ग नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनांनी सांगून ठेवला आहे. 'ध्वन्यालोक' या त्यांच्या ग्रंथाच्या तिसऱ्या उद्योतात, म्हणजे प्रकरणात, दोन युक्त्या आहेत. पहिली: विरोधी रसांचा आश्रय वेगळा ठेवा. म्हणजे दोन्ही रस एकाच माणसाच्या ठायी दाखवू नका. नायकाच्या ठिकाणी वीर असेल तर भय त्याच्या शत्रूच्या ठिकाणी दाखवा. दुसरी: दोघांच्या मध्ये तिसरा रस आणून बसवा. 'नागानंद' नाटकात जीमूतवाहनाचं वैराग्य आणि मलयवतीवरचं प्रेम यांच्यामध्ये अद्भुत रस येतो, ती गाते ते ऐकून होणारा विस्मय. हे सगळं लिहिलं तेव्हा सिनेमा नव्हता. पण हसवता हसवता घाबरवणारा चित्रपट ज्याला काढायचा आहे, त्याने ही दोन पानं उशाशी ठेवून झोपावं.

वेगळा आश्रय म्हणजे काय ते पाहायला 1948 सालचा 'अ‍ॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेनस्टाइन' हा अमेरिकन चित्रपट फार चांगला आहे. अ‍ॅबट आणि कॉस्टेलो ही विनोदी जोडी. समोर ड्रॅक्युला, लांडगामाणूस आणि फ्रँकेनस्टाइनचा राक्षस. ड्रॅक्युलाचं काम बेला लुगोसींनी केलं, ज्यांनी 1931 मध्ये तीच भूमिका अजरामर केली होती. विनोदी चित्रपट म्हणून लुगोसींनी काम हलकं केलं नाही. त्यांचा ड्रॅक्युला पूर्वीइतकाच भारदस्त आहे, त्याला आपल्या कामाशी काम आहे. शवपेटीचं झाकण हळूहळू उघडतं ते कॉस्टेलोला दिसतं, त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. आणि अ‍ॅबट येऊन पाहतो तेव्हा काहीच नसतं. आपण हसतो ते कोणाला? घाबरलेल्या माणसाला, आणि त्याच्यावर विश्वास न ठेवणाऱ्याला. ड्रॅक्युलाला कोणीच हसत नाही.

आता 1993 सालचा आपला 'झपाटलेला' आठवा. बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू लक्ष्याला दिसतो, आणि लक्ष्याचं कोणालाही खरं वाटत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे घामाघूम होऊन सांगतायत, समोरचे त्यांना वेड्यात काढतायत, आणि बाहुला मुकाट पडून आहे. रामदास पाध्यांचा तो बाहुला. बाहुल्याला माणसासारखा चेहरा बदलता येत नाही, आणि तेच कामाला आलं. तो प्रेक्षकांकडे बघून डोळा मारत नाही. त्याला माणसाचं शरीर हवंय, एवढंच त्याच्या डोक्यात आहे. 'ओम फट् स्वाहा' म्हणत आपण शाळेत एकमेकांच्या मागे धावलो, खूप हसलो. पण त्या दिवसांत रात्री बाहुली कपाटात बंद करून झोपणारी मुलं घरोघरी होती. माझ्या धाकट्या बहिणीने तर स्वतःच्या बाहुलीचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं होतं, ते पुढचे कितीतरी महिने.

'स्त्री'मध्ये आश्रय आणखी हुशारीने निवडला आहे. चंदेरी गावात दर वर्षी देवीच्या पूजेचे चार दिवस एक चेटकीण येते आणि पुरुषांना उचलून नेते. मागे राहतात फक्त कपडे. म्हणून घरोघरच्या भिंतींवर लिहिलेलं असतं, 'ओ स्त्री, कल आना'. ही कल्पना हवेतून आलेली नाही. नव्वदच्या दशकात बंगळुरूच्या भागात दारांवर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहायची खरोखरच साथ आली होती. पण चित्रपटात भीती कोणाच्या वाट्याला दिली आहे पाहा. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जाऊ नकोस, मागून कोणी हाक मारली तर वळून पाहू नकोस, हे पुरुषांना सांगितलं जातं. आपल्याकडच्या प्रत्येक मुलीने हे वाक्य लहानपणापासून ऐकलेलं आहे. तेच वाक्य मिशीवाल्या बाप्यांना लागू झालं की सगळं थिएटर हसतं, आणि बायका जरा जास्तच हसतात. ते हसू ओसरता ओसरता मनात काहीतरी टोचत राहतं. त्या चेटकिणीची गोष्टही दुःखाची आहे. लग्नाच्या रात्रीच तिला मारून टाकलेलं असतं. आनंदवर्धनांची दुसरी युक्ती इथे दिसते. हसू आणि भीती यांच्यामध्ये करुण येऊन बसतो. विश्वनाथ म्हणतील की करुणाशीही हास्याचं वैर आहे. असेल. पण आपल्या लोककथांतलं जवळजवळ प्रत्येक भूत कोणत्या तरी अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीमुळे भूत झालेलं असतं. मुंजाची सोडमुंज राहिली, हडळीचं बाळंतपण राहिलं. हे दुःख काढून टाकलं की मागे उरतात ते नुसते सुळे आणि मोकळे केस.

आणि सध्याच्या बऱ्याच चित्रपटांत नेमकं तेच उरलं आहे. मला याचं फार वाईट वाटतं म्हणून बोलते. भुताने दचकवलं की लगेच एक पात्र पांचट वाक्य टाकणार, हे इतकं ठरून गेलं आहे की दचकायच्या आधीच आपण त्या वाक्याची वाट पाहतो. मध्यंतरानंतर भूत संगणकावर तयार केलेलं धूड होतं आणि मारामारी सुरू होते. हसवण्यासाठी तोतरं बोलणारा, तिरळा, जाडी बाई, यांनाच पुढे केलं जातं. ज्या माणसाला भय वाटतंय त्याच्या भयातून हसू काढायला वेळ लागतो, निरीक्षण लागतं. व्यंगाला हसायला काहीच लागत नाही.

वेळेबद्दल एक गोष्ट तुम्हाला इथेच दाखवता येईल. आता मी जरा गप्प बसते.

[तीन सेकंद शांतता]

या तीन सेकंदांत तुमच्यापैकी कोणी हातातलं काम थांबवलं असेल, कोणी रेडिओकडे पाहिलं असेल, काही बिघडलं की काय म्हणून. ती शांतता भीतीची होती की विनोदाची? अजून ठरलेलं नव्हतं. तिच्यानंतर दार करकरलं असतं तर ती भीतीची ठरली असती. मी शिंकले असते तर हसण्याची. विनोद सांगणारा आणि भुताची गोष्ट सांगणारा, दोघेही हीच जागा विणतात. समोरच्याला थांबायला लावतात, त्याला वाटतं त्याहून एक क्षण जास्त थांबवतात. म्हणून ज्याला विनोदाची वेळ कळते त्याला भीतीची वेळही बहुतेक कळते. अमेरिकेत जॉर्डन पील विनोदी नट म्हणून नावाजले होते, आणि 2017 मध्ये त्यांनी 'गेट आउट' काढून लोकांची झोप उडवली.

संकलनाच्या टेबलावर हे काम फार नाजूक होतं. प्रेक्षक हसले की पुढची दोन वाक्यं ऐकू येत नाहीत, म्हणून हसण्यापुरती जागा सोडावी लागते. भीतीसाठी उलट, एकही जागा सैल सोडून चालत नाही. दोन्ही एकाच प्रसंगात असतील तर कुठे सैल सोडायचं आणि कुठे ओढायचं? मला विचाराल तर हसू आधी यावं. माणूस हसला की खांदे खाली येतात, सावधपणा जातो, आणि तेव्हा दाराशी कोणी उभं असलं तर ते थेट आत पोहोचतं.

हे मी पुस्तकातून शिकले त्यापेक्षा चुकून जास्त शिकले. गणेशोत्सवात आम्ही एक एकांकिका बसवली होती. शेजारच्या काकू वारल्यात, आणि तेराव्या दिवसानंतर एका संध्याकाळी त्या दारात येऊन उभ्या राहतात. जाण्याआधी त्यांनी विरजण नेलं होतं, त्याची वाटी द्यायची राहिली आहे. गोष्ट एवढीच.

पहिल्या प्रयोगाला काकूंना पांढरं लुगडं नेसवलं होतं, चेहऱ्याला पावडर थापली होती. त्या आल्या आणि लोक हसले. काकूंचं काम करणाऱ्या बाईंना तो हशा आवडला. दुसऱ्या प्रवेशाला त्यांनी डोळे मोठे केले, बोटं नाचवली. हशा दुप्पट. तिसऱ्या वेळी तेवढा आला नाही. चौथ्या वेळी लोक आपापसांत बोलायला लागले होते, मागे मुलं पळापळ करत होती. भुताने हसवायला सुरुवात केली तेव्हाच भीती गेली होती, आणि तिच्यामागोमाग हसूही गेलं.

पुढच्या प्रयोगाआधी तालमीत मी बाईंना विचारलं, "ताई, तुम्ही या घरात कशाला आलात?"

त्या म्हणाल्या, "घाबरवायला."

मी म्हटलं, "नाही. वाटी द्यायला."

पावडर काढली. रोजचं पाचवारी लुगडं, पदर खोचलेला, हातात स्टीलची वाटी. वाटी खरीच आणली होती, आमच्याच घरातली, कडेला नाव कोरलेली. दुसऱ्या प्रयोगाला काकू उंबऱ्याबाहेर थांबल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तिन्हीसांज टळू दिली हो मी. त्या वेळी विरजणाची देवघेव करू नये." आत सून उभी. पाय लटपटतायत, भिंतीला धरलंय, तोंडातून शब्द निघत नाही. आणि मग निघाला तो, "बसा ना काकू, चहा टाकते."

मांडव हसून फुटायची वेळ आली. भीतीने अर्धमेली झालेली बाई, पण दारात आलेल्या माणसाला चहा विचारायची सवय काही सुटत नाही. काकूंनी तो हशा पूर्ण ओसरू दिला. मग म्हणाल्या, "नको गं. आता नाही घेत मी चहा."

पुढच्या रांगेतल्या लोकांचे चेहरे मला पडद्याआडून दिसत होते. ओठांवरचं हसू तसंच होतं आणि डोळे बदलले होते. काकूंनी वाटी उंबऱ्यावर ठेवली. तिचा खण्ण असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

प्रयोग संपल्यावर एक म्हाताऱ्या आजी काठी टेकत आत आल्या. कोणाचं कौतुक नाही, काही नाही. "ती वाटी बघू," म्हणाल्या. मी दिली. त्यांनी चष्मा वर करून कडेचं नाव वाचलं, वाटी उलटी करून पाहिली, पदराने पुसली आणि माझ्या हातात परत दिली.

"माझ्याकडे एक राहिली आहे," त्या म्हणाल्या. "ती अजून यायची आहे न्यायला."

नमस्कार.